होमोसिस्टीन, बीपी आणि माझे तळपाय

गेल्या वर्षी शिवजयंतीला कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या एका मंडळानं आरोग्य शिबिर घेतलं. मांडवात एका बाजूला पोवाडा लागलेला, दुसऱ्या बाजूला रक्त काढणारी पोरं. सातशे रुपयांत चाळीसेक तपासण्या होत्या. मी गेलो तो स्वस्तात होतंय म्हणून. आदल्या दिवाळीत वडगावच्या माझ्या चुलतभावाला हार्ट अटॅक आला होता, वय ४६, ना दारू ना तंबाखू. तो वाचला, पण तेव्हापासून बायको रोज मागं लागलेली, "अहो, एकदा डॉक्टरला दाखवून तरी या." डॉक्टरला दाखवायचं म्हणजे काहीतरी निघणार. त्यापेक्षा शिबिर बरं.

बीपी बघणाऱ्या मुलीनं पट्टा बांधला, सोडला, परत बांधला. १६२/१००. "काका, गोळी चालू आहे का?"

"होती."

दोन वर्षांपूर्वी चालू केली होती. तीन महिने घेतली, बीपी नॉर्मल आलं, मग मीच बंद केली. नॉर्मल आल्यावर गोळी कशाला गिळायची, असं माझं साधं गणित होतं.

चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आला, बावीस पानांचा. कोलेस्टेरॉल ठीक, साखर काठावर, किडनी ठीक, आणि एक ओळ लाल रंगात: होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो ॲसिड) ४४.६. शेजारी नॉर्मल म्हणून ५ ते १५ छापलेलं. खाली बारीक अक्षरात हृदयविकार, पक्षाघात, रक्ताच्या गाठी अशी यादी. माझं शिवाजी उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे, तीस वर्षं पंपाचे शाफ्ट, बुश, स्लीव्ह काढतोय. आमच्याकडं १५ च्या जागी ४४ आलं तर तो जॉब हातात धरून कोणी विचार करत बसत नाही, सरळ स्क्रॅपच्या डब्यात जातो. त्या रात्री मी स्वतःकडं तसंच बघत होतो.

सकाळी शेजारच्या गाळ्यातल्या मित्राला मोबाईल दाखवला. आमच्या उद्यमनगरात प्रत्येक आजारावर एक तज्ज्ञ असतोच, आमच्या लायनीत तो हा. "भावा, सापडलं बघ! ह्याच्यामुळंच तुझं बीपी. माझ्या सासऱ्यांनी कॅप्सूल घेतल्या हार्टच्या, एकदम काम झालं." ऑनलाइन मागवल्या, अठराशे रुपयांची बाटली, वर लाल हृदयाचं चित्र.

आता खरं सांगतो. रिपोर्ट बघून मी घाबरलो होतो, पण आतून मला बरंही वाटलं होतं. बीपीचं कारण सापडलं म्हणजे आता व्हिटॅमिन घ्यायचं, होमोसिस्टीन उतरणार, त्याच्या मागोमाग बीपी उतरणार आणि जन्मभराच्या गोळीची कटकट मिटणार. मला तो आकडाच गुन्हेगार असायला हवा होता. पुढचे तीन आठवडे मी कॅप्सूल खात आणि बीपी न तपासता मजेत काढले.

गुढीपाडव्याला मुलगी घरी आली. बी. फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळं घरातल्या प्रत्येक बाटलीवरचं बारीक अक्षर वाचते. श्रीखंड खाता खाता तिनं ती बाटली फिरवून बघितली. "पप्पा, बी-१२ तपासलंय का?"

"त्या बावीस पानांत असेल की."

नव्हतं. चाळीस तपासण्यांत नेमकी तीच नव्हती. "मग हे आजपासून बंद," ती म्हणाली. त्या कॅप्सूलमध्ये फॉलिक ॲसिड भरपूर आणि बी-१२ नावाला होतं. अंगात बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड खात राहिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, ॲनिमिया झाकला जातो, आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. गंज तसाच ठेवून वरून रंग मारल्यासारखं. हे तिला दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं म्हणे. मी म्हटलं, फी वसूल झाली.

राजारामपुरीतल्या एका फिजिशियनची वेळ तिनंच घेतली. साठीचे डॉक्टर, बोलणं कमी. मी बसल्या बसल्या मोबाईल पुढं केला तर म्हणाले, "तो राहू दे. आधी पाच मिनिटं गप्प बसा. पाठ टेकून, पाय जमिनीला, एकावर एक नको." मग दोन्ही हातांचं बीपी घेतलं. १५८/९८. लिहून घेतलं आणि विचारलं, "पायांना मुंग्या येतात?"

येत होत्या. वर्षभर येत होत्या. दिवसभर सिमेंटवर उभं राहतो, येणारच, म्हणून मी कधी कोणाला बोललो नव्हतो. आणि बोलता बोलता मला महाद्वार रोडवरची गोष्ट आठवली. गणपतीतली गर्दी, मी बायकोबरोबर चालत होतो, आणि मागून एक पोरगा ओरडला, "ओ काका, चप्पल राहिली!" डाव्या पायातली कोल्हापुरी निघून पाच-सहा पावलं मागं पडली होती आणि मला पत्ता नव्हता. आम्ही हसलो होतो तेव्हा. डॉक्टर हसले नाहीत. ड्रॉवरमधून त्यांनी एक लोखंडी काटा काढला, शाळेत आवाजाच्या प्रयोगाला असायचा तसला, तळहातावर आपटला आणि माझ्या मनगटाच्या हाडावर टेकवला. "थरथर कळते?" कळत होती. मग पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "आता?"

काही नाही. नुसतं गार लोखंड. घोट्यावर टेकवला तेव्हा लांबून कुठूनतरी आल्यासारखी थोडी थरथर जाणवली.

हे मला त्या ४४.६ पेक्षा जास्त लागलं. कारण लेथवर काम करणाऱ्या माणसाला मशीन तळपायातून कळतं. टूल बोथट व्हायला लागलं, जॉब थोडा ढिला धरला गेला, बेअरिंग जायला आलं, की कानाला ऐकू यायच्या आधी खालून पायाला थरथर लागते. गेल्या सहा-आठ महिन्यांत माझ्या जॉबवर दोन-तीनदा लाटांसारख्या खुणा उठल्या होत्या, गिऱ्हाईकानं माल परत पाठवला होता, आणि मी कामगारावर ओरडलो होतो. मशीन सांगत होतं. पाय ऐकत नव्हते.

डॉक्टरांचा पुढचा प्रश्न, "मटण-मासे?"

मी गळ्यातली माळ दाखवली. वडील वारकरी होते, ते गेल्यावर २०१२ साली मी माळ घातली. त्याआधी आमच्या घरी रविवारी तांबडा-पांढरा चुकत नव्हता.

"दूध?"

पूर्वी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जायचो. म्हैस समोर उभी, धारोष्ण दुधाचा फेसाळ ग्लास उभ्या उभ्या घ्यायचा. पोटात गॅस व्हायला लागला तसं तेही सुटलं.

"गॅसवर काय घेता?"

मेडिकलमधून आणलेली पॅन्टोप्राझोल, रोज सकाळी उपाशीपोटी, सात वर्षं. कोणी लिहून दिली होती आठवतही नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. बी-१२ मिळतं ते फक्त प्राण्यांपासून आलेल्या अन्नातून, मांस, मासे, अंडी, दूध. ते अन्नातल्या प्रथिनाला चिकटलेलं असतं आणि सोडवायला पोटातलं ॲसिड लागतं. मी मांस सोडलं, दूध सोडलं, आणि जे काही थोडं येत होतं ते सोडवणारं ॲसिड रोज सकाळी गोळी घेऊन बंद केलं. गरज किती तर दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग करायचे आणि त्यातले दोन-अडीच. आम्ही मायक्रॉनमध्ये मापं घेणारी माणसं, आम्हाला एवढ्याशाची किंमत कळायला हवी होती. यकृतात या व्हिटॅमिनचा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून माळ घातल्यावर लगेच काही झालं नाही.

मग ते होमोसिस्टीनवर आले. मी माझ्या भाषेत समजून घेतलं ते असं. डाळीतून, दुधातून, मांसातून मेथिओनिन नावाचं एक अमिनो ॲसिड येतं. शरीर ते वापरतं आणि त्यातून होमोसिस्टीन उरतं, लेथवर टर्निंग करताना बर, म्हणजे धातूचा कीस, पडते तसं. ते खाण्यातून येत नाही, आतच तयार होतं. उचलायला दोन वाटा आहेत. एक, बी-१२ आणि फोलेट (फॉलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) मिळून त्याचं परत मेथिओनिन करतात. दुसरी, बी-६ च्या मदतीनं त्याचं सिस्टीन नावाचं दुसरं अमिनो ॲसिड होतं. पहिल्या वाटेवरचा कामगारच आला नाही तर मशीनभोवती बर साचत जाते. किडनी बिघडली, थायरॉईड मंद असलं, तंबाखू असली तरी आकडा चढतो. काहींच्या जन्मजात घडणीतच फोलेटची वाट थोडी अरुंद असते.

"आणि साचलं की हार्टला काय होतं?" मी विचारलं, कारण आलो होतो त्याच्यासाठी.

रक्तवाहिनीच्या आत पेशींचा एकच पातळ थर असतो, अस्तर म्हणा. हे अस्तर नायट्रिक ऑक्साईड नावाचा वायू सोडतं, त्यानं वाहिनी सैल पडते, रुंदावते. होमोसिस्टीन वाढलं की तो वायू कमी पडतो, अस्तराला इजा होते, रक्तातल्या गोठणाऱ्या गोष्टी तिथं चिकटायला बघतात, आणि भिंतीतले स्नायू जाड होऊन वाहिनी ताठर होत जाते. मला लगेच सिलिंडरचा बोअर दिसला. होनिंग केलेला, म्हणजे आतून घासून गुळगुळीत केलेला बोअर आरशासारखा असतो तोवर पिस्टन गुपचूप चालतो, एकदा आत ओरखडे आले की तेलही जातं आणि दाबही. ताठर वाहिनीचं तर सांगायलाच नको. रबरी होजमध्ये पंपाचा धक्का मुरतो, जीआय पाईपमध्ये तो तसाच पुढं जातो. बीपीचा वरचा आकडा चढतो तो असा.

"म्हणजे माझं बीपी ह्याच्यामुळंच!" मी जवळजवळ आनंदानं म्हणालो.

"नाही." एका मोठ्या अमेरिकन पाहणीत होमोसिस्टीन ५ नं जास्त असलेल्या पुरुषांचं बीपी सरासरी एक पॉइंटही जास्त भरलं नव्हतं, त्यांनी सांगितलं. "तुमचं दीडशेच्या वर चाललंय. वडिलांना बीपी होतं, पोट सुटलंय, मीठ भरपूर, झोप कमी. ह्याचं खापर एकट्या होमोसिस्टीनवर कसं फोडता?" दोन वर्षांपूर्वी गोळी का सोडली तेही विचारलं. मी कारण सांगितलं. ते म्हणाले, "नॉर्मल आलं होतं ते गोळीमुळं. बरं झालं म्हणून नव्हे."

कूलंट चालू आहे म्हणून टूल गार आहे, आणि टूल गार आहे म्हणून मी कूलंट बंद केलं होतं. माझ्या कामगारानं असं केलं असतं तर मी काय काय बोललो असतो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

औषध द्यायच्या आधी त्यांनी तपासणी परत करायला लावली. का, तेही ऐकण्यासारखं आहे. होमोसिस्टीनचं रक्त काढल्यावर नळी बर्फात ठेवावी लागते आणि लवकरात लवकर फिरवून तांबड्या पेशी वेगळ्या कराव्या लागतात. नाहीतर त्या पेशी नळीतसुद्धा होमोसिस्टीन सोडत बसतात आणि आकडा तासागणिक चढतो. शिबिरात माझी नळी थर्मोकोलच्या डब्यात दुपारपर्यंत मांडवातच होती, बर्फाचा पत्ता नव्हता. शिवाय मी जाताना वडा खाऊन गेलो होतो. यावेळी उपाशीपोटी गेलो, मुलीनं लॅबवाल्याला आधी बर्फाचं विचारून त्याचं डोकं खाल्लं. आकडा आला ३८.२. म्हणजे पहिल्यातले काही त्या डब्यानं वाढवले असावेत, पण बाकीचे माझेच. बी-१२ आलं १२६, खालची हद्द २००. हिमोग्लोबिन १२.४, तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि थायरॉईड ठीक.

इंजेक्शनं सुरू झाली. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला एक, मग महिन्याला एक. पहिल्या दिवशी सिरिंजमध्ये डाळिंबाच्या रसासारखा लाल रंग बघून मी नर्सताईंना विचारलं, हे रक्त आहे का. नाही, बी-१२ चा रंगच तो. त्याच्या रेणूच्या मधोमध कोबाल्टचा एक अणू असतो. कोबाल्ट! आम्ही कठीण जॉबला एम-३५ चं टूल लावतो, त्यात पाच टक्के कोबाल्ट असतो, तापलं तरी धार टिकते. तीस वर्षं दुकानात कोबाल्ट विकत आणला आणि अंगात कमी पडला. हा विनोद मी डझनभर लोकांना सांगितला आहे, फक्त उद्यमनगरात चालतो.

गॅसची गोळी त्यांनी एकदम बंद केली नाही, कारण अचानक सोडली तर ॲसिड उसळतं. एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड, मग बंद. कट्ट्यावरचं दूध परत चालू झालं, अर्धा ग्लास. बायकोनं मेथी-पोकळा तासभर शिजवणं सोडलं, कारण फोलेट उकळण्यात जातं. आणि बीपीची गोळी, टेल्मिसार्टन ४०, रोज सकाळी. ही मी सगळ्यात नाराजीनं घेतली.

मधल्या काळात मुलगी मला फोनवरून धडे द्यायची. तिच्याकडून मला मॅकली नावाच्या माणसाची गोष्ट कळली आणि ती मला अजून सोडत नाही. किल्मर मॅकली हा तेव्हा अमेरिकेतल्या हार्वर्डचा पॅथॉलॉजिस्ट होता. काही मुलांच्या लघवीत होमोसिस्टीनचं रूप सापडतं हा आजार १९६२ मध्ये माहीत झाला होता. अशा एका नऊ वर्षांच्या मुलीच्या निमित्तानं कळलं, की तिचा मामा १९३३ मध्ये आठ वर्षांचा असताना बॉस्टनच्या दवाखान्यात पक्षाघातानं गेला होता. मॅकलीनं तीसेक वर्षांपूर्वीचे ते जपून ठेवलेले नमुने काढून बघितले. आठ वर्षांच्या पोराच्या रक्तवाहिन्या म्हाताऱ्या माणसासारख्या कडक झालेल्या. मग दोन महिन्यांच्या एका बाळाचं प्रकरण सापडलं. त्याचा दोष वेगळ्याच ठिकाणी, बी-१२ च्या वाटेवर होता, पण रक्तात होमोसिस्टीन तेवढंच साचलेलं आणि वाहिन्या तशाच. दोष दोन, नुकसान एक, म्हणजे मधला साचलेला पदार्थच कारण. १९६९ मध्ये त्यानं हे छापलं. तेव्हा सगळे कोलेस्टेरॉलच्या मागं होते, याचं कोणी फारसं ऐकलं नाही. आमच्याकडंही असंच होतं, बिघाड एका मशीनवर समजत नाही, दोन वेगळ्या मशीनवर एकच खोट दिसली की मग माणूस कच्च्या मालाकडं बघतो.

गोष्ट इथं संपली असती तर माझ्या शेजारच्या मित्राचंच खरं झालं असतं. पण पुढं लोकांनी व्हिटॅमिन देऊन बघितलं. २००६ मध्ये होप-२ नावाची चाचणी छापून आली. हृदयविकार किंवा मधुमेह असलेले ५,५२२ लोक, निम्म्यांना पाच वर्षं फॉलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२, निम्म्यांना नुसती बनावट गोळी. होमोसिस्टीन उतरलं. हार्ट अटॅक आणि हृदयविकारानं होणारे मृत्यू मात्र उतरले नाहीत. पक्षाघात थोडे कमी दिसले. नॉर्वेत अटॅक येऊन गेलेल्या ३,७४९ लोकांवर तेच केलं, तिथंही हृदयाला फायदा नाही.

"मग तुम्ही मला कशाला टोचताय?" मी पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारलंच.

"तुमच्या नसांसाठी," ते म्हणाले. "बी-१२ कमी आहे म्हणून देतोय. आकडा उतरेल, चांगलंच आहे, पण हार्टचा विमा उतरवला असं समजू नका." ज्यांच्यात बी-१२ मुळात ठीकठाक आहे त्यांना व्हिटॅमिन देऊन आकडा पाडणं, आणि माझ्यासारख्या रिकाम्या टाकीत भरणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चीनमध्ये बीपीच्या २०,७०२ रुग्णांवर केलेली २०१५ ची चाचणी मुलीनं पुढं केली. तिथं फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांत पहिला पक्षाघात ३.४ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आला होता. मी खूश झालो. मग तिनं पुढचं वाचलं: दोन्ही गटांना बीपीची गोळी रोज चालू होती. फॉलिक ॲसिड तिच्या जोडीला होतं, तिच्या जागी नव्हतं. मला हवं ते कुठल्याच कागदात सापडेना.

पुण्याचंही एक आहे आणि ते आपल्या जवळचं. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं ४४१ पुरुष तपासले होते, खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी निघालं, ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन १५ च्या वर. म्हणजे मांडवातल्या त्या लाल ओळीत मी एकटा नव्हतो. गाव मटणाचं असलं म्हणून काय झालं, माळ, चतुर्थी, सोमवार, श्रावण धरला तर कोल्हापुरातही न खाणारी ताटं कमी नाहीत. माझी आई ७६ वर्षांची, तिचं तपासलं तर १४०. तिला मिश्रीची सवय. तंबाखूनंही होमोसिस्टीन वाढतं असं म्हटल्यावर ती म्हणाली, "सुई कुठं टोचायची तिथं टोच, माझ्या मिश्रीचं नाव काढायचं नाही." नाव काढलं नाही. आणि ज्याच्या अटॅकमुळं मी घाबरलो त्या चुलतभावाचं होमोसिस्टीन बघितलं तर १२. एकदम नॉर्मल. त्याचं वाईट कोलेस्टेरॉल दोनशेच्या आसपास होतं, ते कोणी कधी तपासलंच नव्हतं.

दहा आठवड्यांनी माझा आकडा आला १४.१. सहा महिन्यांनी ११.८. बी-१२ चारशेच्या वर. इतकं सरळ उतरलेलं माझ्या आयुष्यात दुसरं काही नाही, कर्जसुद्धा नाही.

आणि बीपी? घरी मशीन आणलं, सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा घेऊन वहीत लिहिलं, गिऱ्हाइकाच्या मापाची वही असते तशी. टेल्मिसार्टनवर १४४, १४८, १४२. होमोसिस्टीन नॉर्मल झालं त्याच आठवड्यात डॉक्टरांनी ॲम्लोडिपिनची दुसरी गोळी जोडली. मला हसू आलं, खोटं कशाला सांगू, रडूही आलं थोडं. मग मिठाकडं बघितलं. दिवसाला चहाचा एक चमचा, पाच ग्रॅम, तेवढंच मीठ घ्यावं म्हणतात, आणि आमच्याकडं खर्डा, लोणचं, पापड, संध्याकाळचा चिवडा धरून तेवढं दुपारपर्यंत संपायचं. चिवडा सुटला. खर्डा सुटला नाही, कमी झाला. पाच किलो वजन उतरलं. आता १२८ ते १३४ च्या मध्ये असतं, खालचा ८२-८४. दोन्ही गोळ्या चालू आहेत.

पायांचं हळूहळू झालं. आधी महिनाभर मुंग्या उलट वाढल्या, मी घाबरून फोन केला तर म्हणाले, होतं असं कधी कधी, नसा जाग्या होताना. आषाढात एकदा शाफ्ट लावला होता, दुपारची वेळ, बाहेर पाऊस, मी चहा घेत मशीनला टेकून उभा. आणि उजव्या तळपायाला खालून बारीक थरथर लागली. हात आपोआप लाल बटणावर गेला. टूलची धार गेली होती. जॉब वाचला. कामगार म्हणाला, "मालक, आवाज तर काही नव्हता." नव्हताच. डाव्या पायाची शेवटची दोन बोटं अजून बधिर आहेत, ती राहतील असं डॉक्टर म्हणतात. उशीर झाला होता.

परवा शेजारचा मित्र गाळ्यात आला. त्याच्याही रिपोर्टला होमोसिस्टीन २१ आलं होतं. "भावा, ते तुझं लाल इंजेक्शन कुठलं? नाव लिहून दे, आजच टोचून घेतो, बीपीचा विषयच संपला."

"बी-१२ किती आहे तुझं?"

"ते कशाला बघायचं?"

मायक्रोमीटरच्या ड्रॉवरमधून मी बीपीचं मशीन काढलं आणि त्याला स्टुलावर बसवलं. पाच मिनिटं गप्प बस म्हटलं तर दोन मिनिटांत तीनदा बोलला. पट्टा फुगला, उतरला. १६८/१०४.

"मशीन बिघडलंय तुझं," तो म्हणाला.

"परत घेतो. हात टेबलावर ठेव, पाय खाली. आणि बोलू नको."